शिकायला येणारा डॉक्टर आणि शिकवणारे गाव

परतवाड्याला मेळघाटचे दार म्हणतात. दाराशी राहणाऱ्या माणसाला एक सवय लागते. कोण आत चालले आणि कोण बाहेर आले याची नोंद तो नकळत ठेवू लागतो. घटांग, सेमाडोह, हरिसाल करीत धारणीला जाणारा रस्ता आमच्याच गावातून निघतो. या रस्त्याने सागवानाचे ट्रक खाली आले आणि वाघ पाहणारे वर गेले. १९९३ साली कोरकू बालकांच्या मृत्यूंनी वर्तमानपत्रांचे मथळे भरले, तेव्हा मंत्री, पत्रकार, संशोधक, समाजसेवक अशी सगळी मंडळी वर गेली. त्यातली बरीचशी दिवेलागणीला खालीही आली. अलीकडे या वाटसरूंमध्ये आणखी एक वर्ग दिसू लागला आहे. विशी-बाविशीची मुले-मुली, पाठीवर सॅक, डोळ्यांत कुतूहल आणि थोडी भीती. चौकशी केली की कळते, वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी आहेत, पंधरा दिवस किंवा महिनाभर मेळघाटात राहणार आहेत.

या मुलांविषयी लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते. निमित्त मिळाले ते एका जुन्या मित्राच्या नातीमुळे. ती अमेरिकेत वाढली, तिथेच डॉक्टरकी शिकते आहे. आजोळी आली होती, तशी मलाही भेटायला आली. आदल्या वर्षी तिच्या महाविद्यालयाने तिला सहा आठवड्यांसाठी ग्वाटेमालात पाठवले होते. तिकडे ही पद्धत चांगली रुळलेली आहे. इंग्लंडमध्ये शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी काही आठवडे परदेशातल्या इस्पितळात काढतात. अमेरिकेत याला 'जागतिक आरोग्य' असे भारदस्त नाव आहे. अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणाऱ्यांची संख्या चार कोटींच्या वर आहे, तेव्हा भावी डॉक्टरला ती भाषा यावी, गरिबीतला आजार त्याने डोळ्यांनी पाहावा, म्हणून मेक्सिको, ग्वाटेमाला, पेरू, एक्वादोर या देशांकडे विद्यार्थ्यांचा ओढा असतो.

मुलीने सांगण्यासारखे पुष्कळ सांगितले. शेवटी म्हणाली, "आजोबा, मी तिथे कुणाच्या उपयोगी पडले की नुसतीच शिकून आले, हे मला अजून कळलेलं नाही. आणि आता मेळघाटात सहा आठवडे राहावं असं वाटतंय. राहू का?"

प्रश्न साधा वाटला तरी त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' या एका शब्दात देता येईना.

तिने सांगितलेली एक गोष्ट प्रथम सांगतो. जाण्यापूर्वी तिने दोन वर्षे स्पॅनिशचा अभ्यास केला होता. बाजारहाट करण्याइतकी नव्हे, तर रुग्णाची विचारपूस करण्याइतकी भाषा तिला येत होती. डोंगरातल्या त्या दवाखान्यात पहिल्याच आठवड्यात एक म्हातारी आली. सोबत दहा वर्षांची नात. म्हातारी चांगली दहा मिनिटे बोलली. हातवारे केले, एकदा डोळे पुसले. त्यातला एक शब्दही हिला कळला नाही, कारण ती स्पॅनिश नव्हतीच. ती होती काकचिकेल, माया लोकांची एक भाषा. ग्वाटेमालात अशा २२ माया भाषांना कायद्याने मान्यता आहे. नातीने सगळ्याचे स्पॅनिश केले ते एवढेच, "आजीचं पोट दुखतं."

दहा मिनिटांचे तीन शब्द झाले. बाकीचे सगळे त्या दोघींच्या मध्ये कुठेतरी सांडले. मुलगी म्हणाली, "मला वाटायचं, स्पॅनिश आली की झालं. तिथे गेल्यावर समजलं, ती त्यांची कचेरीची भाषा आहे. दुखण्याची भाषा वेगळीच आहे."

हे ऐकताना मला ग्वाटेमाला परका वाटेना. मेळघाटात मराठीची, आणि काहीशी हिंदीचीही, हीच गत आहे. पुष्कळांना वाटते की कोरकू म्हणजे मराठी-हिंदीचीच कुणी रानातली बहीण असावी. तसे नाही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिचे सोयरे झारखंडकडे संथाली आणि मुंडारीत. शेजारच्या गोंडीशीही तिचे रक्ताचे नाते नाही, ती द्रविड कुळातली. पाण्याला कोरकूत 'डा' म्हणतात, वाघाला 'कूला'. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कोरकू' म्हणजे माणसे. जमातीचे नावच 'माणसे' असे आहे. २०११ च्या जनगणनेत ही भाषा सांगणारे सात लाखांहून अधिक होते. या भाषेचे व्याकरण इंग्रजीत छापून निघाले ते १९०३ साली, कर्त्याचे नाव जॉन ड्रेक. ते मिशनरी होते आणि त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे खरेच. पण लोकांशी बोलायचे तर आधी त्यांची बोली शिकावी, एवढे तरी त्यांना कळले होते. त्यानंतर शंभरावर वर्षे गेली. मेळघाटात नेमणूक होणाऱ्या डॉक्टरला कोरकू आलीच पाहिजे अशी अट मी तरी कोणत्या नेमणूकपत्रात पाहिलेली नाही.

माझा स्वतःचा व्यवहार औषधांशी नव्हता, कर्जांशी होता. बँकेच्या नोकरीत ग्रामीण शाखांवर मी बरीच वर्षे काढली. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात दुभती जनावरे, शेळ्या यांची कर्जे वाटली जात, तो काळ. कोरकू शेतकरी समोर बसे. कागद मराठीत आणि इंग्रजीत. "समजलं का?" असे विचारले की तो मान हलवून हो म्हणे आणि अंगठा उठवी. आमच्या शाखेतला एक शिपाई डोंगरातलाच होता, त्याला कोरकू येत असे. एकदा तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, थो हो म्हणते ते तुमाले म्हणते. कर्जाले नाही म्हणत." साहेबापुढे नाही म्हणायचे नसते, म्हणून हो. हिशेबाच्या वहीत मात्र त्या होकाराची नोंद संमती म्हणूनच होई.

बँकेत अशा होकाराने फार तर कर्ज थकते. दवाखान्यात त्याची किंमत निराळी असते. गोळ्या घेतल्या का? हो. बाळ अंगावर पिते का? हो. पुढच्या बुधवारी याल का? हो. तिन्ही उत्तरे डॉक्टरच्या कोटाला दिलेली असतात. मूल मात्र घरी तापाने फणफणलेले असते आणि पुढच्या बुधवारी कुणी येत नाही.

मेळघाटात गेलेल्या विद्यार्थ्याला हमखास धक्का बसतो तो 'डंबा' पाहून. तान्ह्या मुलाचे पोट फुगले, ते रडू लागले की तापलेल्या लोखंडाने पोटावर चटके देतात. ते व्रण पाहून शहरातून आलेल्या मुलाचा संताप होणे साहजिकच आहे. तो आईवर ओरडतो. आई गप्प राहते. पुढच्या खेपेला ती मुलाचे पोट झाकून आणते, आणि त्याच्या पुढच्या खेपेला आणतच नाही. ती भूमकाकडे जाते. भूमका तिच्या भाषेत बोलतो, तिच्या ओसरीवर बसतो, आणि ती नेमकी कशाला घाबरली आहे हे त्याला ठाऊक असते. डंबा वाईटच, तो थांबलाच पाहिजे. पण तो थांबवायचा तर त्या आईशी बोलावे लागते आणि त्यासाठी भाषा लागते, वेळ लागतो. पंधरा दिवसांच्या पाहुण्याजवळ या दोन्ही गोष्टी नसतात. म्हणून तर सरकारी यंत्रणेनेही पुढे भूमकांनाच हाताशी धरून रुग्ण दवाखान्यात आणण्याचे प्रयत्न केले.

मग मेळघाटात जावे तरी कुणी आणि कसे? याचे एक उत्तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. गंमत अशी की त्याचा एक धागा स्पॅनिश मुलखातून आलेला आहे.

पश्चिम मेक्सिकोतल्या सिएरा माद्रे डोंगरात १९६० च्या दशकात डेव्हिड वर्नर नावाचा एक अमेरिकन भटकायला गेला. तो डॉक्टर नव्हता, जीवशास्त्राचा शिक्षक होता. डोंगरातल्या खेड्यांत कसलाच दवाखाना नाही हे पाहून तो गावकऱ्यांबरोबर प्राथमिक उपचारांच्या कामाला लागला. त्या कामातून खेडुतांसाठी सोप्या स्पॅनिशमध्ये, चित्रांनी भरलेले एक पुस्तक तयार झाले. त्याच्या नावाचा अर्थ 'जिथे डॉक्टर नाही'. १९७७ साली ते इंग्रजीत आले आणि नंतर जगातल्या कितीतरी भाषांत गेले. या पुस्तकात डॉक्टरची थोरवी नाही. जुलाबाच्या मुलाला साखर-मिठाचे पाणी कसे द्यावे, न्यूमोनिया कसा ओळखावा, आणि कोणत्या क्षणी घरचे उपचार थांबवून इस्पितळाची वाट धरावी, हे त्यात गावच्या माणसाला सांगितले आहे.

ते पुस्तक नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या एका तरुणाच्या हाती पडले. मूळचे शेगावचे डॉ. रवींद्र कोल्हे. रुग्णाला खांद्यावर उचलून दूरच्या इस्पितळाकडे निघालेल्या माणसांचे त्यावरचे चित्र आपल्या मनात रुतून बसले, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. पण ते चित्र पाहून उठले आणि निघाले, असे झाले नाही. आधी ते सेवाग्रामच्या डॉ. उल्हास जाजूंकडे गेले आणि खेड्यात जाण्यापूर्वी मला काय यायला हवे, असे त्यांनी विचारले. उत्तर मिळाले: सोनोग्राफी आणि रक्ताची सोय नसताना बाळंतपण करता आले पाहिजे, क्ष-किरणाविना न्यूमोनिया ओळखता आला पाहिजे, आणि जुलाबांवर उपचार करता आले पाहिजेत. कोल्हे मुंबईत सहा महिने राहून या तीन गोष्टी शिकले आणि १९८५ साली धारणी तालुक्यातल्या बैरागडला गेले.

एवढी तयारी करूनही अपुरे पडलेच. स्फोटात हात गमावलेला एक माणूस तेरा दिवसांनी त्यांच्याकडे आला. त्याच्यासाठी काही करता येईना. तेव्हा ते पुन्हा शिकायला गेले, एम.डी. झाले आणि पुन्हा बैरागडला आले. लग्नासाठी त्यांनी मुलीपुढे ज्या अटी ठेवल्या त्या वऱ्हाडात आता सर्वांना ठाऊक आहेत: चाळीस किलोमीटर चालता यावे, पाच रुपयांत नोंदणी विवाह, महिन्याला चारशे रुपयांत संसार, आणि वेळ पडली तर दुसऱ्यांसाठी भीक मागण्याची तयारी. नागपुरात जम बसलेला दवाखाना सोडून डॉ. स्मिता कोल्हे या अटींवर आल्या. स्वतःचे मूलही त्यांनी गावातच जन्माला घातले. ते अत्यवस्थ झाले तेव्हा गावातल्या इतर मुलांना जे मिळते त्याच उपचारांवर भरवसा ठेवला. गावाचा विश्वास बसला तो तेव्हा. मग गावकरी आपल्या आजारी जनावरांचे आणि पिकांचेही विचारू लागले. कोल्हे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडून शिकून आले. पोटात अन्न नसेल तर औषधाने मूल वाचत नाही, हा धडा कोणत्याही महाविद्यालयाने नव्हे तर बैरागडने त्यांना दिला. पहिल्या तपासणीचे दोन रुपये आणि पुढच्या खेपेचा एक, एवढी फी घेणाऱ्या या दांपत्याला २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली.

आता कुणी म्हणेल, सगळ्यांनीच कोल्हे व्हायचे काय? नाही. तशी अपेक्षाच चुकीची आहे. आयुष्य वाहून टाकणारे थोडेच असतात आणि त्यांच्या भरवशावर आरोग्यव्यवस्था चालवता येत नाही. थोड्या दिवसांसाठी येणाऱ्यांचेही काम आहे. पुण्याच्या 'मैत्री' या संस्थेने १९९७ पासून मेळघाटात जी धडक मोहीम चालवली तिचे उदाहरण घ्या. पावसाळ्यात घरातले धान्य संपलेले असते, नाले भरून वाहतात, गावे तुटतात आणि त्याच दिवसांत मुले दगावतात. नेमक्या त्या महिन्यांत स्वयंसेवकांची एक तुकडी उतरली की दुसरी चढते. एकेक जण आठ-दहा दिवसांचाच पाहुणा, पण गावाच्या दृष्टीने कुणीतरी सतत हजर. इथे मोसम गावाच्या गरजेने ठरला, महाविद्यालयाच्या सुटीने नाही, हा मला सर्वांत मोठा फरक वाटतो.

सेवाग्रामचीही रीत पाहण्यासारखी आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली तिथले वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी एका खेड्यात पंधरा दिवस मुक्काम करतात. प्रत्येकाला काही कुटुंबे नेमून दिली जातात आणि शिबिर संपले तरी त्या घरांशी जाणे-येणे पुढे राहते. २०२२ च्या सुमारास राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 'कुटुंब दत्तक' योजना देशभरच्या अभ्यासक्रमात आणली, तिच्यातही हीच कल्पना आहे. 'दत्तक' या शब्दाची मात्र मला मौज वाटते. एकोणीस वर्षांचे पोर, ज्याला अजून धड इंजेक्शन देता येत नाही, ते कुणाला काय दत्तक घेणार? खरे म्हणजे ते कुटुंबच त्याला दत्तक घेते. त्याला चहा पाजते, त्याच्या वेड्यावाकड्या प्रश्नांना उत्तरे देते, आपल्या अंगाला हात लावू देते.

बँकेतल्या माणसाला इथे जमा आणि नावे दिसल्यावाचून राहत नाही. गाव विद्यार्थ्याला वेळ देते, आपले दुखणे दाखवते, राहायला जागा देते. तिथली परिचारिका स्वतःचे काम बाजूला ठेवून त्याला शिकवते. दहा वर्षांची नात शाळा बुडवून दुभाषी होते. विद्यार्थी बदल्यात काय देतो? बहुतेक वेळा त्या सहा आठवड्यांत तरी फारसे काही नाही. तो अनुभव, प्रमाणपत्र आणि छायाचित्रे घेऊन जातो. यात लाज वाटण्यासारखे काही नाही, शिकणारा माणूस घेणेकरीच असतो. वाईट तेव्हा होते जेव्हा घेणारा स्वतःला देणारा समजू लागतो. मग ज्या गोष्टीला त्याच्या देशात हातही लावू दिला नसता, ती तो परक्या देशातल्या गरिबावर करून पाहतो. या प्रकारांवर टीका झाली तेव्हा जाणत्यांच्या एका गटाने २०१० साली नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. लाभ दोन्हीकडे व्हावा, यजमानावर पडणारा भार मोजला जावा, विद्यार्थ्याने आपल्या शिक्षणाची पायरी सोडू नये, भाषेची आणि रीतिभातीची तयारी करून जावे, असा त्याचा आशय. नियम चांगलेच आहेत. पण ते कर्ज देणाऱ्या गावाला कुणी वाचून दाखवले असतील का, अशी मला शंका आहे.

परदेशी जाऊन हे सारे नीट केलेला एक मराठी डॉक्टर आपल्याला शाळेपासून माहीत आहे. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या भारतीय पथकातून चीनला गेले. त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. मुदत संपल्यावरही कोटणीस तिथेच राहिले. त्यांच्या शौर्याच्या गोष्टी आपण सांगतो, पण ते चिनी भाषा शिकले आणि तिथल्या तरुणांना त्यांच्याच भाषेत वैद्यक शिकवू लागले, हे सांगायचे राहते. १९४२ च्या डिसेंबरात, बत्तिसाव्या वर्षी ते गेले, तेव्हा त्यांचे काम पुढे नेणारी माणसे तिथे तयार होती.

मला या सगळ्याचे सार इथे दिसते. बाहेरून आलेल्याचे मोठेपण तो किती रोगी तपासतो यात नाही. तो गेल्यावर तिथल्या माणसाच्या हातात काय राहते, यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले आणि परत येऊन गडचिरोलीत राहिले. तिथे त्यांनी खेड्यातल्या बेताचे शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे वजन करणे, त्याला उबेत ठेवणे, जंतुदोष ओळखून औषध देणे. तीन वर्षांत त्या गावांतले नवजात मृत्यू, शेजारच्या गावांच्या तुलनेत, साठ टक्क्यांहून अधिक घटले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकाने ते छापले. ती बाई बाळाच्या आईशी तिच्याच बोलीत बोलते, मध्यरात्री हाक मारली तरी दोन मिनिटांत पोचते आणि पुढच्या बुधवारीही तिथेच असते. तिच्याजवळ पदवी तेवढी नाही.

मित्राच्या नातीला मी जे सांगितले ते असे. मेळघाटात जरूर जा. पण जुलै-ऑगस्टात जा, हवा छान असते त्या डिसेंबरात नको. तिथे आधीपासून काम करणाऱ्या कुणाच्या तरी हाताखाली जा आणि तो सांगेल ते कर. इथल्या कायद्याने नोंदणीशिवाय तुला औषध देता येणार नाही, ते बरेच आहे. मुलांची वजने घे, नोंदवह्या लिही, आशाताईची पिशवी उचल आणि तिच्यामागून चाल. जाण्याआधी शंभर कोरकू शब्द पाठ कर. दुभाषी लहान पोर असेल तर तिची शाळा बुडवू नकोस, मोठ्या माणसाला मजुरी देऊन सोबत घे. आणि ग्वाटेमालातल्या त्या दवाखान्याला एक पत्र लिहून विचार की मी पुन्हा आले तर तुमच्या काय उपयोगी पडू. उत्तर 'येऊ नका, त्या विमानभाड्यात आमच्या सुईणींचे शिक्षण करा' असे आले, तर ते मनाला लावून घेऊ नकोस.

ती हसली. म्हणाली, "आजोबा, मग माझं कर्ज फिटणार कधी?"

मी तिला बँकेतली गोष्ट सांगितली. कर्ज चांगले की बुडीत हे वाटपाच्या दिवशी कधीच कळत नाही, आणि ते ज्या शाखेतून घेतले तिथेच भरले पाहिजे असेही नाही. उद्या अमेरिकेतल्या तिच्या इस्पितळात एखादा ग्वाटेमालाचा मजूर येईल. कागदावर त्याची भाषा स्पॅनिश लिहिलेली असेल. प्रत्येक प्रश्नाला तो 'सी, सी' म्हणत राहील. बाकीचे डॉक्टर पुढे जातील. ही थांबेल आणि विचारेल, घरी कोणती भाषा बोलता?

आपल्याकडेही तेच. मेळघाटातली अडलेली बाई रुग्णवाहिकेतून डोंगर उतरते आणि अमरावतीच्या डफरीन इस्पितळात येते. मोठी इमारत, अनोळखी वास, भराभर बोलणाऱ्या परिचारिका. ती भिंतीला टेकून बसते आणि विचारतील त्याला हो म्हणते. त्या वेळी तिथे पाळीवर असलेल्या एखाद्या शिकाऊ डॉक्टरने कधीकाळी पंधरा दिवस सेमाडोहकडच्या एका घरात काढलेले असावेत. तो तिच्याजवळ खाली बसेल, 'डा' हवे का म्हणून विचारील, आणि त्या बाईला पहिल्यांदा खरेखुरे उत्तर द्यावेसे वाटेल. कदाचित ती 'नाही' म्हणेल. तेवढे झाले तरी त्या पंधरा दिवसांची परतफेड व्हायला सुरुवात झाली, असे मी धरून चालेन.